माईक एकाकडे, रिमोट दुसरीकडे

"या वर्षी महासंमेलनाला मीच जाणार! लिहून घ्या!"

नकोबाने हे वाक्य सकाळी दात घासताना आरशाला सांगितलं, मग बायकोला, मग आईला, आणि मग ऑफिसच्या लिफ्टमध्ये एका अनोळखी माणसाला. तो बिचारा नुसता वर जायचं म्हणून उभा होता! लिहून घ्यायला त्याच्याकडे पेनसुद्धा नव्हतं.

नकोबा हे काही त्याचं खरं नाव नव्हे. तो एका कंपनीत डेटाबेस सांभाळायचा. म्हणजे कंपनीची सगळी माहिती ज्या तिजोरीत असते ना, तिच्या दाराशी पाय पसरून बसलेला माणूस! कोणी म्हणालं, "अरे, एक छोटासा रिपोर्ट काढायचाय, परवानगी दे ना," की हा म्हणणार, "नको बा! सर्व्हरवर ताण येतो." "बरं, मग उद्या?" "नको बा! उद्या बॅकअप आहे." "परवा?" "परवा तर मुळीच नको बा, परवा मी रजेवर आहे!" पगाराच्या स्लिपवर काय नाव छापून यायचं ते फक्त त्यालाच माहीत. बाकी सगळ्या इमारतीला तो नकोबा.

पण हाच माणूस सुट्टीच्या दिवशी पार बदलायचा! गावात डेटाबेसवाल्यांचा एक यूजर ग्रुप होता. महिन्यातून एकदा सगळे एका भाड्याच्या हॉलमध्ये जमायचे, एकमेकांना भाषणं द्यायचे आणि एकमेकांच्या भाषणात डुलक्या घ्यायचे. तिथे नकोबा माईक हातात धरला की असा काही खुलायचा, की विचारू नका. आठवडाभर तोंडून एक 'हो' न निघालेला माणूस तिथे घडाघडा बोलायचा!

आणि वर्षातून एकदा महासंमेलन! सगळीकडचे ग्रुप एकत्र. प्रत्येक ग्रुपचं एकच भाषण, फार तर दोन वक्ते. विमानाचं तिकीट, हॉटेलची खोली, आणि गळ्यात 'वक्ता' असं लिहिलेली लाल पट्टी. नकोबाला विमान नको होतं, हॉटेल नको होतं. त्याला ती पट्टी हवी होती! ती घालून तो दाढी करायला न्हाव्याकडे जाणार होता.

अडचण एकच. वक्ता ठरवायचा ग्रुपच्या अध्यक्षांनी आणि सचिव मॅडमनी, दोघांनी मिळून. आणि ते दोघं एकमेकांशी बोलायचे नाहीत! का? तर ग्रुपच्या टी-शर्टचा रंग. अध्यक्षांना निळा हवा होता, मॅडमना राखाडी. शेवटी टी-शर्ट छापलेच नाहीत, पण भांडण मात्र टिकाऊ कापडाचं निघालं. पहिल्या रांगेत एका टोकाला अध्यक्ष, दुसऱ्या टोकाला मॅडम, आणि मधल्या खुर्च्यांवर जो बसेल त्याने निरोप पोचवायचे. गेल्या वर्षी दोघांचं एकमत झालंच नाही, त्यामुळे महासंमेलनात या ग्रुपची खुर्ची रिकामी राहिली. तिच्यावर कोणीतरी छत्री ठेवली होती म्हणे!

"म्हणून या वर्षी असं भाषण द्यायचं," नकोबा घरी म्हणाला, "की दोघांनाही नाही म्हणता येणार नाही!"

"विषय काय?" बायकोने विचारलं.

"डेडलॉक!"

"म्हणजे?"

नकोबाला याच प्रश्नाची भूक होती. तो उठून उभा राहिला. "समज, तुझ्या हातात कात्री आहे आणि आईच्या हातात चिकटपट्टी. दोघींना एकेक पार्सल बांधायचंय. त्यासाठी प्रत्येकीला दोन्ही वस्तू हव्यात. तू म्हणतेस, आधी पट्टी द्या. आई म्हणते, आधी कात्री दे. कोणीच सोडत नाही. अडकलात दोघी! डेटाबेसमध्ये दोन कामं अशीच एकमेकांत अडकतात. मी हे स्लाइडवर नाही दाखवणार. जिवंत माणसं घेऊन दाखवणार! चला, तालीम करू."

बायकोने कात्री घेतली. आईने चिकटपट्टी घेतली.

"आता एकमेकींकडे मागा."

"आई, जरा पट्टी द्या ना."

"घे की," आई म्हणाली आणि देऊन टाकली.

"आई! द्यायची नाही!"

"अरे, तिला हवीय तर का नाही देणार मी?"

"बरं, पुन्हा. आई, आता तू आधी माग."

"कात्री देतेस का गं?"

"घ्या ना! आणि बोट सांभाळा हं, धार आहे तिला."

नकोबाने कपाळ धरलं. "अगं, अडून बसायचं! भांडायचं! तुम्ही सासू-सुना आहात ना?"

"तुला अडून बसणारंच माणूस हवं असेल तर तुझ्या बाबांना बोलव," आई म्हणाली.

बाबांना हाक मारली. बाबा आतल्या खोलीतून म्हणाले, "मी येणार नाही." पुन्हा हाक मारली. "सांगितलं ना, येणार नाही!" नकोबा त्या दाराकडे आदराने बघत राहिला. हा दर्जा! असे दोघं जण मिळाले की भाषण कुठल्या कुठे जाईल!

भाषणाचा दिवस उजाडला. हॉल बऱ्यापैकी भरला होता. निम्मे लोक ज्ञानासाठी आले होते आणि निम्मे मोफत पेनांसाठी, आणि ज्ञानवाल्यांनीही पेनं सोडली नव्हती. मागच्या दाराजवळ चहावाल्या मावशी भलाथोरला थर्मास घेऊन बसल्या होत्या. हॉलवाल्यांची ताकीद होती, भाषण संपल्याशिवाय चहा द्यायचा नाही, कपांचा आवाज होतो.

नकोबाने सुरुवात तर झकास केली. विनोद केले, लोक हसले. अध्यक्ष हसले. ते हसले म्हणून मॅडम हसायच्या थांबल्या, पण पुढच्या विनोदाला त्या हसल्या आणि अध्यक्ष थांबले. म्हणजे हिशेब सारखाच! वक्त्याची लाल पट्टी जवळ येत चालली होती.

"आता मला दोन माणसं हवीत," नकोबा म्हणाला. "इथे वर या. घाबरू नका!"

सगळ्या हॉलला एकदम आपापल्या बुटांच्या नाड्यांची काळजी वाटायला लागली. एक हात वर येईल तर शपथ!

"कोणीही चालेल," नकोबा म्हणाला. कोणी हललं नाही. आणि मग त्याच्या तोंडून ते वाक्य गेलं. "अनुभवी माणूस असेल तर उत्तमच!"

अध्यक्ष उठले. ते अर्धे उठतायत तोवर मॅडम पूर्ण उठल्या होत्या.

नकोबाने घाईघाईने दुसऱ्या कोणाचा हात वर दिसतो का ते पाहिलं. पण दुसऱ्या क्षणी त्याचा चेहरा दिव्यासारखा उजळला. अरे! निवड करणारे दोघंच्या दोघं माझ्याच प्रयोगात! स्वतःच्या प्रयोगाला कोण नापास करेल? आणि अडून बसायचं म्हणाल, तर यांच्यापुढे बाबा म्हणजे किरकोळ!

"सर, तुम्ही हा माईक धरा. मॅडम, तुम्ही हा स्लाइडचा रिमोट धरा. आता दोघांनाही भाषण द्यायचंय. भाषणाला दोन्ही लागतं. एकमेकांकडे मागायचं, पण आपल्या हातातलं सोडायचं नाही. करा सुरू!"

अध्यक्षांनी माईक तोंडाशी नेला आणि नकोबाकडे बघून म्हणाले, "यांना सांगा, रिमोट द्या."

"सर, त्या इथेच उभ्या आहेत."

"दिसतंय मला. तुम्ही सांगा."

नकोबा वळला. "मॅडम, सर रिमोट मागतायत."

"ऐकलं मी. त्यांना म्हणावं, आधी माईक द्या."

"सर, मॅडम म्हणतात..."

"नाही म्हणून सांगा!" अध्यक्ष माईकमध्ये गरजले. खिडक्यांच्या काचा थरथरल्या.

हॉल हसून लोळायचा बाकी! टाळ्या, शिट्ट्या. "वा, काय अभिनय आहे!" कोणीतरी म्हणालं. नकोबा दोन्ही हात पसरून उभा राहिला. माईक नव्हता म्हणून ओरडला, "पाहिलंत? हाच डेडलॉक! धन्यवाद सर, धन्यवाद मॅडम. आता सोडा."

कोणी सोडलं नाही.

"अहो, प्रयोग संपला!"

"आधी त्यांनी सोडायचं," अध्यक्ष म्हणाले.

"त्यांना विचारा, नेहमी मीच का आधी सोडायचं?" मॅडम म्हणाल्या. "टी-शर्टच्या वेळी मीच सोडलं!"

"काय सोडलं? राखाडी रंगाचा हट्ट यांनी शेवटपर्यंत..."

"सर, सर, तो विषय वेगळा आहे!"

आता बघा हं काय अवस्था झाली. माईक अध्यक्षांकडे, त्यामुळे नकोबाचा आवाज चौथ्या रांगेपलीकडे पोचेना. रिमोट मॅडमकडे, त्यामुळे स्लाइड पुढे जाईना. पडद्यावर मोठ्या अक्षरांत एकच ओळ: 'डेडलॉक टाळणं किती सोपं!' नकोबा संपवू शकत नाही, म्हणून पुढचा वक्ता बोहल्याबाहेर ताटकळलेल्या नवऱ्यासारखा जिन्याजवळ उभा. भाषण संपत नाही, म्हणून मावशींचा चहा थर्मासात बंद. हॉल रिकामा होत नाही, म्हणून पुढचं बुकिंग असलेली विमा कंपनीची माणसं दाराबाहेर. ती माणसं दारातून हलत नाहीत, म्हणून आतल्यांना बाथरूमला जाता येत नाही! एका रिमोटपायी अख्खी इमारत तुंबली!

आणि श्रोते? ते वहीत लिहून घेत होते! "एका अडकलेल्या कामामागे शंभर कामं कशी अडकतात ते किती छान दाखवलंय," असं शेजारी शेजाऱ्याला सांगत होता.

"अहो, कुणीतरी एकदाचं सोडा!" मावशी मागून ओरडल्या. "चहाचा काढा झालाय इथे!"

"या मावशीपण प्रयोगातल्या वाटतं," पेनवाल्यांतला एक जण कौतुकाने म्हणाला.

तेवढ्यात शेवटच्या रांगेत एक हात वर आला. नकोबाच्याच ऑफिसात टेस्टिंगला नवी लागलेली मुलगी! तिने गेल्या महिन्यात सात वेळा परवानगी मागितली होती, आणि सातही वेळा काय उत्तर मिळालं असेल ते तुम्हीच सांगा.

"सर, मग अशा वेळी डेटाबेस काय करतो?" तिने खणखणीत आवाजात विचारलं.

नकोबाने इथे गप्प बसायला हवं होतं. बेशुद्ध पडला असता तरी चाललं असतं! पण विषयातला प्रश्न आला की त्याचं तोंड आपोआप उघडायचं, सरकत्या दारासारखं.

"डेटाबेस दोघांपैकी एकाचा बळी देतो! त्याचं काम रद्द करतो, हातातलं काढून घेतो, आणि मग दुसरा सुटतो."

"कोणाचा बळी द्यायचा हे कसं ठरवतो?"

"अगदी सोपं! ज्याने कमी काम केलेलं असतं, त्याचा."

वहीत लिहिणारी सगळी मोफत पेनं जागच्या जागी थांबली. 

अध्यक्ष सावकाश नकोबाकडे वळले. मॅडम सावकाश नकोबाकडे वळल्या.

"मग सांगा ना," अध्यक्ष गोड आवाजात म्हणाले. "आमच्यापैकी कोणी कमी काम केलंय?"

"हो हो, सांगाच," मॅडम त्याहून गोड आवाजात म्हणाल्या.

नकोबाच्या डोळ्यांपुढे ती लाल पट्टी दोन बाजूंनी ताणली जाताना दिसू लागली. "नाही, म्हणजे, ते... ते यंत्राच्या बाबतीत..."

"हा हॉल कोणी मिळवला? मी!" अध्यक्षांनी माईक सरसावला. "पहिला प्रोजेक्टर कोणी खांद्यावरून आणला? मी! अजून खांदा दुखतो!"

मॅडमकडे माईक नव्हता, पण त्यांना तो लागतही नव्हता. "आणि प्रत्येक बैठकीची मेल कोण पाठवतं? लोकांना दोनदा आठवण कोण करतं? वक्ता आयत्या वेळी आजारी पडला की दुसरा कोण शोधतं? यांचा तो प्रोजेक्टर पहिल्याच दिवशी बंद पडला, तो दुरुस्तीला कोणी नेला?"

"दुरुस्तीला नेला, परत आणला का?"

"तुम्ही विचारलंत का कधी?"

श्रोत्यांचे दोन तट पडले. डावीकडचे "अध्यक्ष! अध्यक्ष!" म्हणायला लागले, उजवीकडचे "मॅडम! मॅडम!" दारातली विमावाली माणसं आत सरकली आणि त्यांनीही बाजू निवडल्या. त्यांना विषयच माहीत नव्हता, पण जोर सगळ्यांत जास्त त्यांचाच!

"हे बघा," नकोबा घसा ताणून ओरडला, "तुम्हा दोघांचंही काम अगदी सारखं आहे! आणि काम सारखं असलं की डेटाबेस कोणालाही निवडतो. नाणं उडवल्यासारखं!"

"सारखं?" अध्यक्ष म्हणाले.

"सारखं?" मॅडम म्हणाल्या.

"मी आणि हे?" "मी आणि या?"

झालं! इतका वेळ दोघं एकमेकांवर चिडलेले होते, आता दोघंही नकोबावर चिडले.

शेवटी नकोबाने ते केलं, जे त्याच्या धंद्यातला माणूस सगळे उपाय थकल्यावर करतो. तो भिंतीजवळ उभ्या असलेल्या हॉलच्या वायरमनदादांकडे धावला आणि कानात म्हणाला, "दादा, मेन स्विच बंद करा, आणि पुन्हा चालू करा."

"त्याने काय होईल?"

"काय होईल ते मलाही माहीत नाही. पण बहुतेक वेळा होतं!"

दिवे गेले. मिट्ट काळोख! खुडबुड ऐकू आली, एक 'आई गं' ऐकू आली, कोणाची तरी बाटली गडगडत लांब गेली. दिवे आले. आणि पाहतात तो काय! अंधाराचा फायदा घेऊन दोघांनीही झडप घातली होती. आता माईकवर दोघांचा एकेक हात आणि रिमोटवरही दोघांचा एकेक हात! दोन वस्तू, चार हात, आणि दोघांचीही नाकं एकमेकांना टेकायच्या बेतात. टाळ्यांचा नुसता कडकडाट!

"सर," शेवटच्या रांगेतला तो खणखणीत आवाज पुन्हा आला. "एक शंका आहे. बळी फक्त या दोघांतूनच का निवडायचा? तुम्हीही अडकलाय ना? तुम्हालाही माईक हवाय, रिमोटही हवाय."

"हो, पण..."

"सरांनी हॉल मिळवला. मॅडमनी मेल पाठवल्या. सकाळपासून आत्तापर्यंत सगळ्यांत कमी काम कोणाचं झालंय?"

"थांबा, थांबा! हे तत्त्वात बसत नाही!" नकोबा तळमळून म्हणाला. "माझ्या हातात काहीच नाहीये! ज्याच्या हातात काही नाही, तो डेडलॉकमध्ये धरलाच जात नाही! तो फक्त वाट बघणारा असतो!"

"हातात काही नाही, म्हणजे काम शून्य," मुलगी म्हणाली.

अध्यक्षांनी मॅडमकडे पाहिलं. मॅडमनी अध्यक्षांकडे पाहिलं. मध्ये कोणी निरोप्या नव्हता.

"मुद्दा बरोबर आहे," अध्यक्ष म्हणाले. थेट मॅडमना!

"अगदी बरोबर आहे," मॅडम म्हणाल्या. थेट अध्यक्षांना!

आणि चारही हात एकदम सुटले. अध्यक्षांनी माईक टेबलावर ठेवला, मॅडमनी रिमोट त्याच्या शेजारी ठेवला. "हे सत्र रद्द!" दोघं एका सुरात म्हणाले आणि एका सुरात बोललो म्हणून दोघंही खुदकन हसले. हॉल उभा राहिला. मावशींनी थर्मासचं झाकण उघडलं. विमावाल्यांनी मिठ्या मारल्या, कोणाला ते त्यांनाही माहीत नव्हतं.

चहाच्या वेळी अध्यक्ष आणि मॅडम एकाच टेबलाशी, एकाच बशीतली बिस्किटं खात बसले होते. नकोबा खांबाआडून बघत होता. थोड्या वेळाने मॅडमनी त्याला हात केला. हा धावत गेला!

"आमचं एकमत झालंय," मॅडम म्हणाल्या.

"महासंमेलनाला हेच सत्र जाणार!" अध्यक्षांनी त्याच्या पाठीवर थाप मारली. "असा प्रयोग कोणत्याच ग्रुपकडे नसेल!"

नकोबाचे पाय जमिनीपासून सुटले. विमान! हॉटेल! पट्टी!

"माईक मी धरणार," अध्यक्ष म्हणाले.

"रिमोट मी," मॅडम म्हणाल्या.

"आणि मी?" नकोबाने विचारलं.

दोघांनी एकमेकांकडे पाहिलं. मग मॅडमनी फार मायेने विचारलं, "डेडलॉकमध्ये ज्याचा बळी जातो, त्याला डेटाबेस काय संदेश पाठवतो हो?"

विषयातला प्रश्न! सरकतं दार उघडलं. "'तुमचं काम रद्द करण्यात आलं आहे. कृपया पुन्हा प्रयत्न करा.'"

"हां," अध्यक्ष म्हणाले. "तर पुढच्या वर्षी पुन्हा अर्ज करा."

घरी आल्यावर बायकोने आधी पाणी दिलं आणि मग फोन पुढे केला. ग्रुपने श्रोत्यांची मतं सगळ्यांना पाठवली होती. "अहो, तुमच्या भाषणाला आजवरचे सगळ्यांत जास्त गुण मिळालेत! आई, ऐका ना!" तिने मोठ्याने वाचायला घेतलं. "'दोन्ही कलाकार अप्रतिम! इतका खरा राग अभिनयातून आणता येतो हे प्रथमच पाहिलं.' 'अंधाराचा प्रसंग तर लाजवाब!' 'मावशींची छोटीशी भूमिकाही लक्षात राहते.'"

"छान, छान," आई म्हणाली.

"आणि हे बघा, शेवटचं. 'मधे एक माणूस सारखा काहीतरी समजावून सांगत होता, त्याने रसभंग होत होता. पुढच्या प्रयोगात त्याला काढून टाकता येईल का?'"

आईने चष्मा वर केला. "कोण रे तो मेला?"

नकोबाने पाण्याचा पेला पूर्ण संपवला. मग रिकामा पेलाही बराच वेळ तोंडाला लावून ठेवला.

"काय माहीत," तो म्हणाला. "हॉलवाल्यांकडचा असेल कोणीतरी."